स्टार म्हणजे आयएमपी नव्हे

पत्र आधी थोडक्यात देते, मोठं होतं म्हणून कापलंय.

"मॅडम, मी एस.वाय.बी.ए.ला इंग्लिश स्पेशल घेतलंय. बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम. कविता, नाटक, कादंबरी समजून घेऊन लिहिते, जमतं. पण मॉर्फॉलॉजी आणि सिंटॅक्सच्या (शब्दांची घडण आणि वाक्यरचना) पेपरात इंटर्नलला २० पैकी ६ पडले. गाईडमधल्या सगळ्या व्याख्या पाठ केल्या, नोट्स काढल्या, मैत्रिणीच्या नोट्स झेरॉक्स केल्या, तरी फळ्यावर वाक्याचा ट्री डायग्राम आला की घाम फुटतो. वर्गातली इंग्लिश मीडियमची मुलं फटाफट उत्तरं देतात. मला वाटतं माझं इंग्रजीच कच्चं आहे. स्पेशल बदलून मराठी घेऊ का? घरी बाबा नको म्हणतात. – गोंधळलेली, लातूर जिल्हा"

अगं गोंधळलेली,

तुझे ६ तरी आले, मला ४ होते. २० पैकीच. आणि का होते ते सांगते म्हणजे तुला बरं वाटेल. आमच्या लायब्ररीतल्या पुस्तकात काही वाक्यांच्या डोक्यावर स्टार असायचा. आता आपल्याकडे गाईडमध्ये स्टार म्हणजे काय तर आयएमपी, येणार म्हणजे येणार, म्हणून मी ती सगळी स्टारवाली वाक्यं शोधून शोधून पाठ केली, मोठ्यानं म्हणून, आई भाकरी करत होती आणि मी चुलीशेजारी बसून घोकत होते. सिंटॅक्समध्ये स्टार म्हणजे "हे वाक्य चूक आहे, इंग्रजीत असं कुणी बोलत नाही" हे मला पेपर हातात आल्यावर कळलं. मी पुस्तकातली निवडून निवडून चुकीची वाक्यं बरोबर म्हणून लिहून आले होते. आणि ट्री काढा म्हटलं तर मुळं खाली आणि फांद्या वर असं झाड काढलं होतं, ते वेगळंच.

तर पहिली गोष्ट ही की तुझं इंग्रजी कच्चं असेल किंवा नसेल, या पेपराचा त्याच्याशी फार संबंध नाही. हा पेपर तुला इंग्रजी बोलता येतं का ते विचारतच नाही. तो विचारतो की हे वाक्य किंवा हा शब्द कुठे कुठे सुटतो आणि तिथेच सुटतो हे तू कशावरून म्हणतेस. मेकॅनिक गाडी खोलतो तसं आहे, त्याला गाडी जोरात चालवता आली पाहिजे असं काही नाही. आणि वर्गातली फटाफट मुलं, त्यांना विचार जरा की "हे सब्जेक्टच कशावरून", बहुतेक जण म्हणतील "साउंड्स राइट". त्याला मार्क नाहीत. पुरावा लागतो. तू पाठ केलेल्या व्याख्यांनाही मार्क नाहीत (असले तर दोन), कारण त्याही पुरावा नाहीत.

आता मॉर्फॉलॉजी. इथे तुझं मराठी मीडियम सरळ सरळ उपयोगी पडणार आहे, मी समजूत काढायला म्हणत नाहीये, दाखवते. अनेकवचनाचा एस घे. स्पेलिंगमध्ये कॅट, डॉग, बस या तिघांच्या शेवटी एस येतो, बसला फार तर ईएस. आता तेच देवनागरीत कानाला ऐकू येतं तसं लिही: कॅट्स, डॉग्झ, बसिझ. दिसलं? तीन वेगळे आवाज आहेत, स, झ आणि इझ (हा झ झेडमधला), रोमन लिपीनं ते झाकून ठेवलेत आणि आपल्या लिपीत ते लगेच उघडे पडतात. हेच तुमचे अ‍ॅलोमॉर्फ. प्रत्यय एक, काम एक, रूपं तीन. आणि कोणतं कधी हे ठरवायला तुला नवीन काही शिकायचं नाही, आठवी-नववीत कठोर व्यंजनं आणि मृदू व्यंजनं केली होतीस ना, क च ट त प एकीकडे आणि ग ज ड द ब दुसरीकडे? शब्दाच्या शेवटी कठोर आवाज असेल तर स, मृदू किंवा स्वर असेल तर झ, आणि शेवटी आधीच स, झ, श, च, ज असा आवाज असेल तर मध्ये इ घालून इझ, कारण एका फुसकाऱ्याला लागून दुसरा फुसकारा काढता येत नाही. भूतकाळाच्या ईडीचंही तेच, वॉक्ट, प्लेड, वॉन्टिड. इंग्लिश मीडियमच्या मुलांना आधी व्हॉइस्ड-व्हॉइसलेस म्हणजे काय हे घशाला हात लावून शिकवावं लागतं, तुझ्याकडे ते वर्णमालेच्या तक्त्यातच आहे.

हा नियम खरंच डोक्यात असतो का, की मुलं प्रत्येक शब्दाचं अनेकवचन पाठ करतात, हे १९५८ मध्ये जीन बर्को नावाच्या अमेरिकन बाईंनी तपासलं होतं. त्यांनी लहान मुलांना एका विचित्र पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं, म्हणाल्या हा वग, आता इथे दोन आहेत, दोन काय? वग हा शब्द जगात कुठेच नव्हता, तरी पोरं म्हणाली वग्झ. झ लावला, स नाही. आपल्याकडे हा प्रयोग रोज चालू असतो, फक्त कुणी लिहून घेत नाही. माझी आजी शाळेचं तोंड न बघितलेली, पण बॅगचं बॅगा, फाइलचं फायली, टेबलचं टेबलं आणि ट्रकचं नुसतं ट्रक असं न चुकता करायची. बॅग स्त्रीलिंगी म्हणून माळ-माळासारखी, फाइलही स्त्रीलिंगी पण भिंत-भिंतीच्या रांगेत, टेबल नपुंसकलिंगी म्हणून अनुस्वार, ट्रक पुल्लिंगी म्हणून दगडासारखा जसाच्या तसा. तो "जसाच्या तसा" म्हणजेच तुमच्या पुस्तकातला झिरो मॉर्फ, वन शीप टू शीप. आणि गो-वेंट बघून तुम्ही सगळे दचकता ना, सप्लीशन म्हणून मोठा शब्द पाठ करता, अगं "जा" चं "गेला" होतं तेव्हा कधी दचकलीस का? ज कुठे ग कुठे.

डेरिव्हेशनल (नवा शब्द बनवणारे) आणि इन्फ्लेक्शनल (त्याच शब्दाचं रूप बदलणारे) प्रत्यय यात तू गोंधळतेस असं लिहिलंयस. एक बरं आहे की इंग्रजीचे इन्फ्लेक्शनल प्रत्यय मोजून ८ आहेत. नामाचे दोन (अनेकवचन आणि मालकीचा एस), क्रियापदाचे चार (ही ईट्समधला एस, भूतकाळ, आयएनजी, पास्ट पार्टिसिपल), विशेषणाचे दोन (ईआर, ईएसटी). संपलं. आपल्या एका "जाणे" ची रूपं लिहायला बसलीस तर पान पुरणार नाही, तिथे ८ म्हणजे काहीच नाही. हे ८ पाठ कर, एवढं पाठांतर मला मान्य आहे, आणि यात नसलेला कुठलाही प्रत्यय डेरिव्हेशनल. फक्त ईआरवर फसायचं नाही, परीक्षकांचा लाडका आहे तो: टॉलर मधला इन्फ्लेक्शनल, टीचर मधला डेरिव्हेशनल, आणि सिस्टर मधला तर प्रत्ययच नाही, कारण ईआर काढून बघ, "सिस्ट" उरतं, त्याला अर्थ काय? काही नाही. प्रत्यय दिसला की आधी तो सोलून बघायचा आणि मग उरलेल्याला काही अर्थ आहे का ते विचारायचं.

अनहॅपीनेसला तू तीन तुकडे केलेस आणि एका ओळीत मांडलेस, अर्धा मार्क गेला, बरोबर? तुकडे बरोबर आहेत, क्रम नाही दाखवलास. अन हा (निदान हा वाला अन) विशेषणाला लागतो, नामाला सहसा नाही. म्हणजे आधी हॅपीला अन, झालं अनहॅपी, मग त्याला नेस. उलट्या क्रमानं गेलीस तर हॅपीनेस हे नाम आधी तयार होतं आणि त्याला अन लावायची पंचाईत. एका ओळीत ठेवलेले तुकडे आणि एकात एक बसवलेले डबे यात फरक आहे, परीक्षकाला डबे बघायचेत. क्रमानं अर्थ कसा बदलतो ते बघायचं तर अनलॉकेबल घे. लॉकेबल नाही असं, म्हणजे कुलूपच लागत नाही असा दरवाजा. किंवा अनलॉक करता येतो असा, म्हणजे कुलूप आहे पण उघडतं. तुकडे तेच तीन, डबे वेगळे, अर्थ बरोब्बर उलटे. चोराच्या दृष्टीनं मात्र दोन्ही सारखेच म्हणा.

आता सिंटॅक्स, आणि इथे मात्र मराठी मीडियमचा त्रास होतो, तोही सांगते, नुसतं गोड बोलत नाही. शाळेत आपल्याला शिकवलं कर्ता म्हणजे क्रिया करणारा. तू सब्जेक्टचं भाषांतर मनातल्या मनात कर्ता असं करतेस आणि मग वाक्यात "कोण करतंय" ते शोधत बसतेस. द की ओपन्ड द डोअर. किल्ली काय करणार गं? पण सब्जेक्ट तीच. इट इज रेनिंग, यातला इट कोण? कुणीच नाही, पण सब्जेक्ट तोच. इंग्रजीत सब्जेक्ट अर्थावरून धरायचाच नाही, वागणुकीवरून धरायचा. क्रियापद कुणाशी जुळतं, प्रश्न करताना इज, वॉज, डझ हे कुणाच्या पुढे उडी मारतं, आणि शेपटीला टॅग लावला तर त्यात कोण येतं. देअर आर टू डॉग्झ आउटसाइड, आरंट देअर? टॅगमध्ये देअर आला, प्रश्न केला तरी "आर देअर" असंच होतं, म्हणून दोन खुणा देअरच्या बाजूनं आहेत, फक्त आर हे क्रियापद कुत्र्यांशी जुळतंय. असं उत्तर लिही, की या खुणेनं हा आणि त्या खुणेनं तो, तर मार्क मिळतात, नुसतं "सब्जेक्ट = देअर" लिहून नाही.

याच्या जोडीनं दुसरा खड्डा. "रामानं पोळी खाल्ली" यात खाल्ली कुणाशी जुळतंय? पोळीशी. भाकरी म्हटलं तरी खाल्ली, आंबा म्हटलं की खाल्ला. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो आणि मग पोरं कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं समीकरण मांडून मोकळी होतात. नाही! याचं सरळ इंग्रजी राम एट द चपाती, शुद्ध अ‍ॅक्टिव्ह. इंग्रजी पॅसिव्हमध्ये राम बाय घेऊन मागच्या बाकावर जातो आणि चपाती सब्जेक्ट होते, आपल्या वाक्यात राम "नं" लावून पुढेच बसलाय ऐटीत. ही दोन वेगळी कपाटं आहेत, चाव्या मिसळू नकोस.

फॉर्म आणि फंक्शनमध्येही बहुधा इथूनच घोळ होतो. तुझे बाबा पुरुष आहेत ही त्यांची जात झाली, आणि घरात बाप, शाळेत मास्तर, पतपेढीत संचालक ही त्यांची कामं. एनपी (नाऊन फ्रेज, नामाचा गठ्ठा) ही जात आहे, सब्जेक्ट हे काम आहे. माय ब्रदर स्लेप्ट, आय सॉ माय ब्रदर, द विनर वॉज माय ब्रदर: तिन्हीकडे माय ब्रदर एनपीच, पण सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट अशी तीन कामं. पेपरात "आयडेंटिफाय द फॉर्म" विचारलं की जात लिहायची, फंक्शन विचारलं की काम. तुझ्या इंटर्नलच्या गेलेल्या १४ मार्कांतले चारेक इथेच गेले असणार, पैज लावते.

ते एसव्हीओसीए (सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट, अॅडव्हर्बियल) वाले सात क्लॉज पॅटर्न, १९८५ च्या क्वर्क आणि मंडळींच्या जाडजूड व्याकरणात आहेत ते, त्यावर फार वेळ घालवणार नाही, एकच जोडी लक्षात ठेव. दे कॉल्ड हिम अ टॅक्सी. दे कॉल्ड हिम अ फूल. मराठी कर: त्याच्यासाठी टॅक्सी बोलावली, त्याला मूर्ख म्हटलं. पहिल्यात तो आणि टॅक्सी दोन वेगळ्या गोष्टी, म्हणून दोन ऑब्जेक्ट. दुसऱ्यात मूर्ख तोच, म्हणून कॉम्प्लिमेंट. झालं.

आता ट्री, ज्याचा तुला घाम फुटतो. त्याला झाड म्हणूच नकोस, मी त्यात फसलेच. वंशावळ म्हण. तीर्थाच्या ठिकाणी भटजीकडे असते ना, मूळ पुरुष सगळ्यात वर आणि खाली खाली पोरंबाळं, तशी. आणि हे माझं काही चमत्कारिक नाही, पुस्तकातही मदर नोड, डॉटर नोड, सिस्टर नोड असंच म्हणतात. सिस्टर कोण, तर एका आईच्या. चुलत बहिणीला सिस्टर म्हटलं की मार्क गेला, आपल्याकडे चालतं, तिथे नाही चालत.

काढायची मात्र खालून वर. वरून एस (सेंटेन्स) लिहून सुरू केलंस की पुढे जागा पुरत नाही आणि रेघा एकमेकींना छेदतात. वहीच्या पानाचे तुकडे कर, एकेका तुकड्यावर एकेक शब्द, आणि जमिनीवर मांड. हे वाक्य घे: द पोलिस चेस्ड द थीफ ऑन अ बाइक. आधी कोण कुणाला चिकटलंय ते बघ. अ आणि बाइक चिकटले, एनपी. त्यांना ऑन येऊन मिळाला, पीपी (प्रेपोझिशनल फ्रेज). आता हा ऑन अ बाइकचा गठ्ठा हातात घे आणि विचार, हा चोराचा की पाठलागाचा? म्हणजे बाइकवर कोण होतं?

दोन्ही होऊ शकतं, म्हणूनच दोन वंशावळी. आणि इथे परत मराठी कामाला येतं बघ. "पोलिसांनी बाइकवरच्या चोराचा पाठलाग केला" आणि "पोलिसांनी बाइकवरून चोराचा पाठलाग केला". वरच्या आणि वरून. मराठीनं एका प्रत्ययात निकाल लावला, इंग्रजी बिचारी दोन्हीकडे ऑन म्हणते आणि फरक झाडात लपवते. मी आजही अवघड वाक्य आलं की आधी मनात मराठी करते, दोन मराठी वाक्यं निघाली की सावध होते, इथे दोन झाडं असायची शक्यता आहे म्हणून. (कधीकधी एका शब्दाचेच दोन अर्थ असतात, नदीकाठची बँक आणि पैशाची बँक, तिथे झाड एकच, एवढं बघून घ्यायचं.)

पण पेपरात "मराठीत असं होतं" लिहून चालणार नाही, तिथे इंग्रजीतली टेस्ट द्यायची. गठ्ठ्याच्या जागी हिम घाल. पोलिस चेस्ड हिम, यात हिमनं द थीफ ऑन अ बाइक हे अख्खं गिळलं, म्हणजे बाइकवाला चोर, पीपी एनपीच्या पोटात. पोलिस चेस्ड हिम ऑन अ बाइक, यात हिमनं फक्त चोर गिळला, बाइक बाहेर उरली, म्हणजे पीपी व्हीपीच्या (व्हर्ब फ्रेज, क्रियापदाचा गठ्ठा) घरची. ही सब्स्टिट्यूशन टेस्ट. दुसरी, गठ्ठा उचलून हलवायची: द थीफ ऑन अ बाइक वॉज चेस्ड बाय द पोलिस, सगळा गठ्ठा एकत्र पुढे आला म्हणजे एकाच घरचा. हलवण्याची टेस्ट आणखी एका जागी फार गोड चालते, ही रॅन अप द हिल (टेकडीवर पळाला) आणि ही रॅन अप द बिल (बिल वाढवलं). ऐकायला जुळी भावंडं. पण बिलवाल्यात अपला मागे ढकलता येतं, ही रॅन द बिल अप, आणि हिलवाल्यात ही रॅन द हिल अप म्हटलंस तर डोक्यावर स्टार. (तो स्टार. चूकवाला.) म्हणून पहिल्यात अप द हिल हा एक गठ्ठा आणि दुसऱ्यात अप हा रॅनचा माणूस.

महिनाभर रोज एक वाक्य असं जमिनीवर मांड. वर्तमानपत्रातलं कुठलंही, हेडलाइन असली तर उत्तम, त्यात असे घोळ पुष्कळ असतात. गाईडची झाडं उतरवून काढू नकोस, त्यात छपाईच्या इतक्या चुका असतात की फांदी एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. आणि तुमच्या सरांना वर्गानंतर एकच प्रश्न विचार, आपल्याकडे ट्रीमध्ये कोणती लेबलं चालतात, कारण द, अ यांना कुणी डेट (डिटर्मिनर) लिहितं, कुणी डी, कुणी ऑक्झ (ऑक्झिलरी, सहायक क्रियापद) वेगळा काढतं कुणी नाही, यात बरोबर-चूक असं नसतं पण पेपर तपासणाऱ्याची सवय असते.

स्पेशल बदलायचं म्हणतेस तर एक ऐक, मराठी स्पेशलला गेलीस तरी बहुतेक ठिकाणी भाषाविज्ञानाचा पेपर आहेच, तिथे मॉर्फीमला (शब्दाचा अर्थ असलेला सगळ्यात छोटा तुकडा) रूपिका म्हणतील आणि तू म्हणशील हे तर तेच. मराठी साहित्य मनापासून आवडत असेल तर खुशाल जा, चांगलाच विषय आहे, बाबांना मी समजावते. पण या एका पेपराला घाबरून जाणार असशील तर नको जाऊस. कविता-नाटक जमतंय म्हणतेस, तर मग वर्षभरात हा एकच पेपर नडतोय, आणि तो घोकण्यापेक्षा तुकडे करून जास्त सुटतो.

जाता जाता एक. तुझ्या पत्रात तू दोनदा "नोट्स" लिहिलंयस आणि "काढल्या", "झेरॉक्स केल्या" अशी मराठी क्रियापदं जोडलीयस. बॅगचं बॅगा होतं, फाइलचं फायली होतं, मग नोटचं तू सरळ नोटा का नाही केलंस? "मैत्रिणीच्या नोटा झेरॉक्स केल्या" असं लिहून बघ आणि पोलिस यायच्या आत मला उत्तर कळव.